नाकोबानं न घेतलेला श्वास

"सांग बघू, या बाटलीत काय आहे?"

चैत्रालीनं बाटली हातात घेतली, उन्हात धरली, हलवून पाहिली. आत लालचुटुक पाणी होतं. अगदी स्वच्छ, तळाला गाळाचा मागमूस नाही.

"कोकम सरबत," ती म्हणाली.

"चूक."

"बिटाचा रस? जास्वंदीचं पाणी?"

"सोनं," पांढऱ्या झग्यातल्या बाई म्हणाल्या.

आता चैत्राली ढमाळ काही कुक्कुलं बाळ नव्हती. चांगली सहावीत होती. सोनं पिवळं असतं हे सांगायला तिला कोणा पाहुणीची गरज नव्हती. बाई आपली फिरकी घेताहेत असं वाटून तिनं बाटली परत दिली आणि हाताची घडी घालून गाल फुगवले.

"रुसू नकोस गं," बाई हसल्या. "खरंच सोनं आहे. फक्त त्याचे कण इतके बारीक केलेत, की सोनं आपला रंगच बदलून बसलंय."

ही गोष्ट तशी अजून घडायची आहे बरं का. आजपासून बऱ्याच दिवाळ्या पुढची. तेव्हा टपाल ड्रोन आणून देत होते आणि हळदीच्या शेतात निंदणी यंत्रं करत होती. पण वडजाई गावात अजूनही दारात रांगोळी पडल्याशिवाय चहाचं आधण ठेवत नसत. त्या गावाला आपल्या रांगोळीचा भारी तोरा. तिथल्या बायकांच्या चिमटीतून अशी बारीक रेघ उतरायची, की बघणाऱ्यानं तोंडात बोट घालावं. शेजारच्या गावची रांगोळी म्हणजे त्यांच्या मते नुसती भरड!

त्याच वडजाईच्या पंचायतीसमोर त्या सकाळी एक निळी गाडी येऊन थांबली होती. ती होती फिरती प्रयोगशाळा. तिच्यासोबत आलेल्या डॉ. शमीम मुजावर नव्यानं बाजारात येणाऱ्या नॅनोपदार्थांची तपासणी करायच्या. केस पिकलेले, चष्मा कपाळावर चढवलेला आणि जिभेवर मिरजेकडचा ठसका. गाडीभोवती घुटमळणाऱ्या चैत्रालीला त्यांनीच हाक मारून आत घेतलं होतं.

"नॅनो म्हणजे किती बारीक?" चैत्राली रुसवा विसरली.

"एक मीटर लांब काठी घे. तिचे शंभर कोटी सारखे तुकडे कर. एका तुकड्याची लांबी म्हणजे एक नॅनोमीटर. तुझ्या डोक्यावरचा एक केस साधारण ऐंशी हजार नॅनोमीटर जाड असतो. आणि हे सोन्याचे कण आहेत वीस नॅनोमीटरचे. एका केसाच्या जाडीवर चार हजार कण ओळीनं बसतील. असल्या कणांना म्हणायचं नॅनोकण (साध्या सूक्ष्मदर्शकालाही न दिसणारे अतिसूक्ष्म कण)."

"पण बारीक केलं म्हणून रंग कसा बदलेल? साखर दळली तरी पांढरीच राहते की."

"बरोबर बोललीस. पण साखर तुम्ही दळून दळून किती दळणार? पिठीसाखरेचा कणसुद्धा या सोन्यापुढे हत्ती. इतकं बारीक झालं की पदार्थाची वागणूक बदलते. चहात गुळाचा खडा टाकला तर विरघळायला वेळ लागतो, आणि तोच गूळ किसून टाकला तर?"

"लगेच विरघळतो."

"कारण गूळ तेवढाच, पण चहाला लागणारी त्याची बाजू वाढली. पदार्थाची मैत्री म्हणा, भांडण म्हणा, सगळं बाहेरच्या बाजूनं चालतं. नॅनोकण म्हणजे जवळपास सगळी बाहेरचीच बाजू. त्यामुळे जो पदार्थ एरवी गुपचूप पडून असतो, तो इतका बारीक झाला की कुणाशीही पंगा घेऊ शकतो."

"म्हणजे बारीक ते वाईट?"

"छे गं! कर्करोगाचं औषध नेमकं गाठीपर्यंत नेऊन पोचवणारे कण नॅनोच असतात. वाईट नाही, अनोळखी म्हण. ओळखीचा पदार्थ एवढा बारीक झाला की तो जणू पहिल्यांदाच भेटतोय असं समजायचं आणि त्याची सगळी चौकशी नव्यानं करायची. तेच माझं काम."

चैत्राली सावरून बसली, कारण या वेळची चौकशी तिच्या आईच्या रांगोळीची होती.

तिची आई, रूपाली, गावातल्या ठिपका महिला गटाची प्रमुख. या गटानं शहरातल्या एका संशोधन संस्थेच्या मदतीनं चांदणरांगोळी तयार केली होती. दिवसा ऊन प्यायची आणि अंधार पडला की निळसर उजळायची. उजळण्याचं काम करायचे ते चांदणकण, म्हणजे नॅनोकणच. आई दोन वर्षं या एका गोष्टीमागे वेड्यासारखी लागली होती. सरपंच बाजीरावतात्यांनी त्यासाठी पंचायतीची शेड वापरायला दिली होती, पण अट घालून. दिवाळीपर्यंत विक्रीची परवानगी मिळाली तर शेड गटाची, नाहीतर तिथे कांदे भरणार. परवानगी मिळणार होती ती मुजावर मॅडमच्या शिक्क्यानं. घरात महिनाभर दुसरा विषय नव्हता.

"ताई, जरा सरकता का? मला श्वास घ्यायला जायचं आहे," मागून कुणीतरी अदबीनं म्हणालं.

चैत्रालीनं वळून पाहिलं आणि तिला हसूच फुटलं. दारात एक यंत्रमानव उभा होता. चाकांवर चालणारा, मान उंचखाली होणारी आणि चेहऱ्याच्या मधोमध रबराचं हे एवढं थोरलं नाक! छातीला काचेची दोन कपाटं, आणि त्यांच्या आत ओलसर गुलाबी पडदे हलके हलके फुगत होते.

"हा आमचा श्वसनपरीक्षक," मॅडम म्हणाल्या. "माणसाच्या वाटचा श्वास आधी हा घेऊन बघतो. ते पडदे दिसतात ना, त्यांच्यावर माणसाच्या फुप्फुसातल्या जिवंत पेशी (शरीर ज्यांचं बनलेलं असतं ते इवलाले जीव) वाढवल्यात."

"म्हणजे तू थोडासा माणूस आहेस?"

"छातीपुरता," यंत्रमानव म्हणाला.

चैत्रालीनं त्याचं नाव तिथल्या तिथे ठेवून टाकलं. नाकोबा. त्यालाही ते चाललं. निदान त्यानं तक्रार तरी केली नाही.

शेडमध्ये तर लग्नघर वाटावं असा थाट होता. गटातल्या बायका ठेवणीतल्या साड्या नेसून आल्या होत्या. जमीन सारवून तुळतुळीत केली होती. आईनं चांदणरांगोळीचं नवं कोरं पाकीट फोडलं, चिमूट घेतली आणि कमळ काढायला बसली. नाकोबा तिच्या शेजारी गेला आणि मान खाली घालत घालत तिच्या नाकाच्या उंचीवर आणली.

"एवढा वाकलास कशाला?" चैत्रालीनं विचारलं.

"रांगोळी काढणाऱ्याचं नाक जमिनीपासून जवळ असतं. मी छताजवळची हवा घेऊन काय करू?"

मग त्यानं श्वास घेतला. आधी आईसारखा संथ. मग धावून आलेल्या पोरासारखा धापा टाकत, मग म्हाताऱ्या माणसासारखा अडकत अडकत. बायका पदराआड हसत होत्या. आत गेलेले सुटे नॅनोकण मोजणारा एक दिवा त्याच्या कपाळावर होता. तो सारा वेळ हिरवाच राहिला.

"कण रांगोळीच्या जाड दाण्यांना डिंकानं घट्ट चिकटवलेत," मॅडमनी समजावलं. "दाणा जड, म्हणून तो उडत नाही. उडालाच तर नाकातले केस आणि शेंबूड त्याला वाटेतच अडवतात. चांदणकण सुटा झाला, तरच तो थेट वायुकोशांपर्यंत (फुप्फुसाच्या तळाशी असलेले श्वासाचे चिमुकले फुगे) जाईल."

दुसरी तपासणी पाण्याची होती. रांगोळी सकाळी झाडली की जाते कुठे? मोरीत, मोरीतून ओढ्यात. म्हणून मॅडमनी ओढ्याचं पाणी आणून त्यात रांगोळी मिसळली आणि पाणपिसवा (पाण्यात टुणटुण उड्या मारणारे, टाचणीच्या टोकाएवढे जीव) सोडल्या. दुसऱ्या दिवशी दुपारी बघितलं, तर दाणे तळाशी बसले होते आणि पिसवा मजेत उड्या मारत होत्या. नाकोबाच्या छातीतले पडदेही गुलाबीच होते.

"झालं की!" मॅडम म्हणाल्या. "उद्या सकाळी शिक्का मारते."

आईचा जीव भांड्यात पडला. तिनं सगळ्यांसमोर चैत्रालीला कवेत घेऊन गरकन फिरवलं. आई इतकी हसलेली चैत्रालीनं कधी पाहिलीच नव्हती.

बातमी घरी पोचायला किती वेळ? चैत्राली उरलेल्या रांगोळीचं पाकीट घेऊनच धावत आली. सविताकाकूनं ऐकलं आणि लगेच पदर खोचला. काकूला एक वर्षाची छकुली होती, आणि गावात सगळ्यांत बारीक रेघ काढायचा मानही काकूचाच.

"दे गं ते पाकीट इकडे," काकू म्हणाली. "पहिली चांदणरांगोळी आपल्याच दारात पडली पाहिजे." तिनं चिमूट बोटांत चोळून पाहिली आणि नाक मुरडलं. "अगंबाई, ही केवढी भरड! असली काढली तर लोक हसतील ना मला. आण तो खल."

यात काही नवल नव्हतं. वडजाईत कुठलीही पूड घरात आली की आधी खलात जायची, आणि मग पातेल्यावर ताणून बांधलेल्या मलमलीच्या फडक्यातून वस्त्रगाळ (पातळ कपड्यातून चाळलेली) व्हायची. शिकेकाई असो, उटणं असो, रांगोळी तर असोच. ते काम पोरींचं. चैत्रालीचे हात लहानपणापासून त्यात मुरलेले. तिनं दारातल्या उन्हात खल घेतला आणि बत्ता असा काही फिरवला, की दाण्यांचं पीठ झालं. मग दोघींनी फडकं बांधलं.

"दार लावून घे," काकू म्हणाली. "अंधारात उजळते का ते तरी बघू."

चैत्रालीनं दार लावलं, खिडकी लावली आणि फडक्यावर थाप मारली.

फडक्यातून निळसर उजेडाचा धूर वर आला. तो खाली बसेना. खोलीभर पसरला, कणग्यांवरून वळला, आढ्यापर्यंत गेला.

"बाई बाई, काय सुरेख दिसतंय!" काकू पुटपुटली.

छकुलीला तर काय करू नि काय नको असं झालं. ती पातेल्याला टेकून उभी राहिली आणि टाळ्या पिटत खिदळू लागली. ती श्वास आत घेई, की उजेडाची एक बारीक धार तिच्या नाकाकडे ओढली जाई. चैत्राली बघत राहिली. छकुलीच्या नाकपुड्यांच्या कडा निळ्या उजळल्या होत्या.

आणि एकदम तिच्या लक्षात आलं. हा श्वास नाकोबानं घेतलाच नव्हता!

तिनं छकुलीला उचललं, दार ढकलून अंगणात धाव घेतली, तिचं तोंड धुतलं, नाक शिंकरलं. छकुलीनं भोकाड पसरलं.

"अगं, तुझं डोकंबिकं फिरलं का?" काकू मागोमाग आली. "शिकेकाई कुटताना काय कमी उडतं?"

"काकू, शिकेकाई नाहीये ती! त्या दाण्यांना कण चिकटवलेले होते. आपण खलात कुटून ते सुटे केले."

काकूनं आधी तिच्याकडे पाहिलं, मग छकुलीकडे. मग फडकं ओलं करून पातेल्यावर झाकलं आणि सगळी खोली ओल्या फडक्यानं पुसून घेतली.

आई पेढ्यांचा पुडा घेऊनच घरी आली. चैत्रालीनं तिला सगळं सांगितलं. आईचा चेहरा हळूहळू उतरत गेला.

"पाकिटावर छापलंय ना, थेट वापरा म्हणून?" ती म्हणाली.

"आई, आपल्या गावात कोण थेट वापरणार? तू तरी वापरशील का?"

"मॅडमनी बघितलं ना सगळं?"

"आपण त्यांना साड्या नेसून कमळ काढून दाखवलं. खल दाखवलाच नाही."

"मुद्दाम नाही गं लपवलं!"

"मला माहीत आहे. मीही होते की तिथे. मलासुद्धा सुचलं नाही."

आई ओट्यावर बसली. मग एकाएकी तिचा आवाज चढला. "दोन वर्षं, चैतू! दोन वर्षं मी त्या शेडमध्ये राबले आणि आता शिक्का एका रात्रीवर आलाय. दिवाळी होऊन जाऊ दे. मग सांग हवं त्याला, मी अडवणार नाही."

चैत्रालीच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. आईचं वाटोळं करायला का तिला आवडत होतं? पण दिवाळीत घरोघरी खल चालणार, आणि प्रत्येक पातेल्याशेजारी कुणाची तरी छकुली टाळ्या पिटत उभी राहणार. ते चित्र काही केल्या डोळ्यांसमोरून हलेना.

"मी मॅडमना सांगायला जाते," ती हुंदके देत म्हणाली.

आईनं मान फिरवली. "जा. मी नाही येणार."

ऊन कलायला आलं होतं. निळ्या गाडीत मॅडम चहा घेत होत्या. चैत्रालीनं रडत रडत, मागचं पुढं करत सगळं सांगितलं. मॅडमनी कप खाली ठेवला. त्या रागावतील असं तिला वाटलं होतं, पण त्या स्वतःच्याच कपाळावर हात मारून घेत होत्या.

"रांगोळी कशी काढता ते मी विचारलं. काढायच्या आधी काय करता, ते विचारायचं मला सुचलं नाही! इतकी वर्षं हेच काम करते आणि अशी चूक करते, काय म्हणावं मला?"

"आता तुम्ही आईची रांगोळी नापास करणार?"

"आधी नाकोबाला विचारू. पण त्याला दाखवायला खल पाहिजे, फडकं पाहिजे."

"ते आणलंय मी," दारातून आवाज आला.

आई उभी होती. काखेत खल, हातात पातेलं, खांद्यावर मलमलीचं फडकं. डोळे रडून लाल झालेले. तिनं चैत्रालीच्या डोक्यावरून एकदा हात फिरवला आणि पदर नाकाला घट्ट बांधला.

"खल कसा चालवतात ते नीट बघून घ्या, मॅडम," ती म्हणाली. "माझ्यासारखा चालवणारी या गावात दुसरी नाही."

सगळ्यांना नाकातोंडावर बांधायचे मास्क देऊन मॅडमनी गाडीच्या मागच्या बंद खोलीत तयारी केली. काचेबाहेरून चैत्राली बघत होती. आईनं कुटलं, फडकं बांधलं, थाप मारली. नाकोबानं मान छकुलीच्या उंचीवर आणली आणि बाळासारखे भरभर श्वास घेतले. कपाळावरचा दिवा हिरव्याचा पिवळा झाला आणि पाठोपाठ लालभडक.

सकाळी छातीतले पडदे राखाडी पडले होते. त्यांच्यावरच्या कितीतरी पेशी मेल्या होत्या.

"तुला दुखलं का रे?" चैत्रालीनं काचेवर हात ठेवून विचारलं.

"मला दुखत नाही. म्हणूनच तर मला पाठवतात," नाकोबा म्हणाला. "पडदे नवे बसतील. माणसाचे बसत नाहीत."

मॅडम राखाडी पडद्यांकडे बघत होत्या. मग म्हणाल्या, "माझे अब्बा दगडाची भुकटी करायच्या गिरणीत होते. पांढरेफटक होऊन घरी यायचे, आणि आम्ही पोरं त्यांना भूत म्हणून हसायचो. मग खोकला सुरू झाला, तो गेलाच नाही. त्यांच्या वाटचा श्वास आधी घेऊन बघणारं तेव्हा कुणी नव्हतं. म्हणून मी या कामात आले."

छकुलीलाही मॅडमनी त्याच दिवशी तालुक्याच्या दवाखान्यात पाठवलं. डॉक्टरांनी छाती तपासली, काही बिघडलेलं नव्हतं. एका वेळच्या थोड्याशा धुळीनं बहुतेक निभावतं, पण रोज रोज हा खेळ नको, असं त्यांनी काकूला बजावलं. काकूनं घरी येऊन छकुलीचे इतके पापे घेतले, की ती वैतागली.

शेडमध्ये गट जमला. बायकांची तोंडं एवढीएवढीशी झाली होती. कुणी म्हणालं, पाकिटावर मोठ्या अक्षरांत "कुटू नका" असं छापा. त्यावर काकूच म्हणाली, "मी वाचलं असतं आणि तरी कुटलं असतं." कुणी म्हणालं, मग नॅनोचं नावच नको.

"विहीर खोल आहे, हा झाला धोका," मॅडम म्हणाल्या. "पण म्हणून विहीर बुजवतो का आपण? कठडा बांधतो. माणूस पाण्यापर्यंत पोचतो किती, तो संपर्क (एखादा पदार्थ आपल्या शरीराला प्रत्यक्ष किती लागतो ते). धोका आणि संपर्क दोन्ही एकत्र आले तरच इजा. चांदणकण पाकिटात होते तोवर कठडा होता. खलानं तो पाडला. आता असा कठडा बांधा, की तुमच्या खलालाही पडणार नाही."

तात्या कांद्याच्या गोण्या घेऊन दारात हजर होतेच. पण त्या सकाळी एक भानगड उघड झाली होती. त्यांच्या सौभाग्यवतींनीही शेडमधून नमुन्याचं पाकीट नेऊन घरी चांगलं खलात घातलं होतं. तात्यांनी ते ऐकलं, दोनदा घसा खाकरला आणि तुळशीच्या लग्नापर्यंत मुदत दिली.

कठडा सुचला तो मेंदीवरून. पूड हवीच कशाला? रांगोळीचा ओला लेप करायचा, मेंदीच्या कोनात भरायचा आणि रेघ ओढायची. लेपात डिंक असा, की वाळला तरी कण आत पक्के बसलेले. कुटायला काही उरतच नाही, आणि रेघ तर चिमटीपेक्षाही बारीक येते! काकूनं पहिल्यांदा नाक मुरडलं, मग एक वेल काढली आणि कोन हातातून सोडेनाच.

या वेळी मॅडमनी शिक्क्याची घाई केली नाही. सगळ्या बायकांना आणि पोरांना गोल बसवलं आणि विचारलं, "हा कोन घरी गेल्यावर तुम्ही त्याचं काय काय कराल? लाजू नका. वेड्यासारखं काहीही सांगा."

मग काय विचारता! कुणी वाळलेली रांगोळी उलथन्यानं खरवडणार होतं. कुणी बैलाच्या शिंगांना लावणार होतं. कुणी उरलेला लेप तुळशीच्या कुंडीत ओतणार होतं.

"छकुली चाटणार," चैत्राली म्हणाली. "ती सगळंच चाटते."

मॅडमनी एकूण एक गोष्ट तपासली. नाकोबानं नव्या पडद्यांनी खरवडलेली धूळ हुंगली, झाडू मारताना श्वास घेतला. पाणपिसवांना ओढ्याचं पाणी दिलं, कुंडीतल्या मातीत गांडुळं सोडली. काचेच्या नळीत लाळेसारखा आणि पोटातल्या आम्लासारखा द्रव करून त्यात वाळलेला लेप घातला. पहिला कोन नापास झाला, झाडताना त्याचे पापुद्रे उडाले. आईनं डिंक बदलला. दुसराही नापास झाला, लाळेत कण सुटले. दिवाळी आली आणि साध्या पांढऱ्या रांगोळीवर गेली. पणत्यांच्या उजेडात आई पायरीवर नुसतीच बसून होती. तिच्याकडे बघून चैत्रालीला फार वाईट वाटलं, पण आपण सांगितलं याचं मात्र तिला वाईट वाटलं नाही.

तिसऱ्या कोनाला दिवा हिरवा राहिला. खरवडलं, झाडलं, चाटवलं, बुडवलं, तरी हिरवा.

मॅडमनी शिक्का मारला आणि निघताना म्हणाल्या, "रूपालीताई, माझी तपासणी संपली म्हणजे सगळं संपलं असं समजू नका. डोळे उघडे ठेवा. नवीन काही दिसलं तर मला कळवा."

तुळशीच्या लग्नाला वडजाईत दिवेलागणीला दारोदार कमळं, वेली, मोर निळसर उजळू लागले. शेडच्या दारावर गटाच्या नावाची पाटी लागली होती. लोक शेजारच्या गावांहून बघायला आले होते. मंगलाष्टकं सुरू व्हायची वेळ झाली आणि गर्दीतून एकदम हशा उसळला.

बाजीरावतात्या येत होते. कडक इस्त्रीचा सदरा, फेटा, आणि फेट्याखाली निळी उजळलेली झुपकेदार मिशी! बहाद्दरांनी कोन घेऊन मिशीला दोन्ही बाजूंनी पीळ दिला होता. पोरं किंचाळत त्यांच्या मागे धावत होती. तात्या मिशीवर ताव मारून ऐटीत उभे राहिले. चैत्रालीचंही पोट हसून हसून दुखायला लागलं.

"थांबा!"

हाक आईची होती. हातातलं अक्षतांचं ताट तिनं काकूकडे दिलं आणि गर्दीतून वाट काढत थेट तात्यांसमोर जाऊन उभी राहिली.

"तात्या, हसू नका. मिशीला हात लावू नका."

"अगं रूपाली, पास झालीय ना तुझी रांगोळी?"

"जमिनीवर पास झालीय. मिशीवर नाही. मिशी रोज चोळता, पिळता, आणि ती आहे नाकाच्या बरोबर खाली. हे आम्ही तपासलेलंच नाही." तिनं पदराचं टोक तांब्यात बुडवलं आणि सबंध गावासमोर सरपंचांची मिशी पुसायला घेतली. तात्या लहान पोरासारखे तोंड वर करून उभे राहिले.

पुसता पुसताच आईनं मॅडमना फोन लावला. "मॅडम, एक राहिलं बघा. मिशी."

पलीकडे मॅडम आधी पोटभर हसल्या. मग नाकोबाचा अदबीचा आवाज आला, "नाकापासून किती अंतरावर? सोमवारी येतो. तोवर मोजून ठेवा."

"चैतू, पट्टी आण गं," आई म्हणाली.

चैत्राली धावत दप्तरातली पट्टी घेऊन आली. आईनं ती तात्यांच्या नाकाखाली धरली, चैत्रालीनं उजेडासाठी पणती जवळ आणली, आणि तुळशीचं लग्न जरा खोळंबून राहिलं.